आमच्या बसमधले इन्स्पेक्टर

रोज पंचवटीहून सिन्नरला कंपनीच्या बसने जायचं-यायचं म्हटलं की किस्से साठतातच, डब्याच्या पिशवीत चुरा साठतो तसे. एरवी मी ते हसत सांगते. हे सांगताना मात्र माझं डोकं तापतं, तेव्हा सांभाळून घ्या.

भांडणाचं मूळ म्हणजे टीव्हीवरची एक रहस्यमालिका. घाटातल्या बंगल्यातून माणसं गायब होतात. संशय बंगल्याचे मालक भास्करराव यांच्यावर. त्यांच्या मागे लागलेला इन्स्पेक्टर खोटे पुरावे पेरतो, नोकरांना बडवतो, पण हिरो! आमच्या बसचे दोन पक्ष पडले. इन्स्पेक्टरवाले पुढे, भास्करराववाले मागे. पुढे बसतात ऑफिसचे लोक आणि मागे आम्ही पॅकिंगच्या बायका. हा योगायोग आहे असं मी बरेच दिवस समजत होते.

* * *

पुढच्यांचे म्होरके अकाउंट्सचे देशमुख. एकदा इन्स्पेक्टरने म्हाताऱ्या माळ्याच्या कानाखाली वाजवली आणि माळी निर्दोष निघाला. मी विचारलं, आता काय?

"ताई, हेतू चांगला होता ना!"

माळ्याच्या गालाला हेतू कसा कळायचा, असं मी विचारल्यावर साहेबांना एकदम खिडकीतून द्वारका चौकातलं ट्रॅफिक बघावंसं वाटलं.

* * *

मागच्या सीटवरची सुनंदा पेठ तालुक्याकडची. भास्कररावांची बाजू कधी सोडली नाही तिने. "त्यानं केलंय असं अजून दावलंच नाय. मग आत्ताच का शिव्या द्यायच्या?"

देशमुखांनी तिचं नाव 'आरोपीची वकील' ठेवलं. पुढचे सगळे हसले. मला काही हसू आलं नाही.

* * *

आमचे ड्रायव्हर निवृत्तीमामा कधी वादात पडत नाहीत. एकदा मात्र म्हणाले, इन्स्पेक्टर मारतो तेव्हा बासरी वाजते आणि भास्करराव कुत्र्याला भाकरी घालतात तेव्हा ढोल. जरा आवाज बंद करून बघा, मग सांगा चांगला कोण!

देशमुखांनी खरंच आवाज बंद करून एक भाग पाहिला. सकाळी वैतागून बसमध्ये चढले. म्हणाले, "काही कळेचना. आवाजाशिवाय चांगला माणूस ओळखायचा कसा?"

* * *

इन्स्पेक्टरची एक युक्ती फार गाजली. तो संशयितांना ओळीने बसवतो आणि प्रत्येकापुढे पाणी धरतो. म्हणे, गुन्हेगाराच्या घशाखाली पाणी उतरत नाही. देशमुखांना हे इतकं पटलं की कॅन्टीनमध्ये चहा नको म्हणणाऱ्याकडेही ते संशयाने बघायला लागले.

* * *

आणि एका सकाळी देशमुखांचा मोबाइल सापडेना. त्यांनी नाशिकरोडला बस कडेला घ्यायला लावली. खोटं नाही सांगत, हा माणूस पाण्याची बाटली घेऊन मागे आला! फक्त मागे. बायकांनी कसेबसे ओठ ओले करून बाटली पुढे सरकवली. सुनंदा म्हणाली, मला नको.

पॅकिंगच्या बायका सकाळी पाणी पीत नाहीत. लाइन सुरू झाली की जेवणाच्या सुट्टीपर्यंत आम्हाला बाथरूमला सोडत नाहीत. ऑफिसच्या मजल्यावर हे कोणाला माहीत नाही, कारण माहीत करून घ्यायची कोणाला गरजच पडली नाही.

देशमुखांनी तिची पिशवी ओढली आणि सीटवर उपडी केली. डबा, कंगवा, गोळ्यांचं पाकीट आणि कागदात गुंडाळलेले पॅड, सगळं भर बसमध्ये. मोबाइल नव्हता. मी ओरडत होते तेवढ्यात पुढे देशमुखांच्या शेजारी बसणाऱ्या कुलकर्णींच्या फोनवर देशमुखांच्या बायकोचा फोन आला. मोबाइल घरीच चार्जिंगला राहिला होता.

"चला, सापडला एकदाचा," देशमुख म्हणाले. मी म्हटलं, तिची माफी मागा. तर म्हणतात कसे, "ताई, हेतू वाईट नव्हता."

अजून आठवलं की हात शिवशिवतात माझे.

* * *

सुनंदा बसला यायची बंद झाली. काळ्या-पिवळ्या जीपने यायची, रोज उशीर व्हायचा, रोज अर्धा दिवस कापला जायचा. काम सोडते म्हणाली. मी तिला हाताला धरून सांगितलं, सोडायचं तर त्या माणसाने सोडावं, तू का?

सोमवारी ती स्टॉपवर आली. बसमध्ये चढली आणि देशमुखांच्या सीटपाशी थांबली. पिशवीची चेन उघडली आणि पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली.

"बघून घ्या साहेब. मग बसते."

देशमुख खिडकीबाहेर बघायला लागले. ती हलली नाही. तिच्यामागे मी होते. मीही पर्स उघडून त्या पिशवीवर ठेवली. माझ्यामागच्या शोभाने तिची ठेवली. तिच्यामागे रांग पार दारातून खाली रस्त्यापर्यंत गेलेली, सगळ्यांच्या पिशव्या उघड्या.

कुलकर्णी घड्याळ बघत म्हणाले, मामा, काढा हो गाडी, पंचिंगला उशीर होईल.

निवृत्तीमामांनी इंजिन बंद केलं, सीटखालची आपली डब्याची पिशवी काढली आणि खाली उतरून रांगेत शेवटी उभे राहिले.