विलासनं काम सोडलं नव्हतं

विलास गेला, त्याला दीड महिना होतोय. तो माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. तेरवीच्या पंगतीत शेजारी बसलेले एक जण म्हणाले, “पोट्टा हुशार होता, पन हाती घेतलेलं एकबी काम पुरं केलं नाही त्यानं.” मी मान हलवली आणि वरणभात कालवत राहिलो… ते मान हलवणं अजून खुपतंय.

कापसाचे हाल चालले होते, त्या वर्षांतली गोष्ट. दारव्ह्यात आमच्या घरीच, पुढच्या खोलीत माझा कॉम्प्युटर क्लास होता. लोकांच्या हाती पैसा नव्हता, प्रवेश रोडावले होते. पुण्याची नोकरी सुटून विलास परत आला होता. शेतावर मोटारीला लागणारी थ्री फेज लाइन, म्हणजे वीज, कधी येईल याचा नेम नसे. ती आली की मोटार आपोआप सुरू करणारा डबा त्याला बनवायचा होता. डब्यातल्या चिपसाठी प्रोग्राम लिहायला मी त्याला कोपऱ्यातली मशीन दिली.

ती मशीन त्या कामाला तयार करण्यातच त्याचा उन्हाळा गेला. आधी प्रोग्राम चिपच्या भाषेत उतरवणारा कंपायलर चालेना. तो चालला, तर प्रिंटरच्या पोर्टला जोडलेली, त्यानं घरीच बनवलेली केबल चिपशी बोलेना. मी चिडवायचो, “विल्या, अंडे उबवून राह्यला का तिथं?” तो मान वर न करता म्हणायचा, “कोंबडीले टोकू नोका, भाऊजी.” एका दुपारी चिपला जोडलेला लाल दिवा तीनदा लुकलुकला. तेवढंच करणारा तो पहिला प्रोग्राम. विलास बहिणीला स्वयंपाकघरातून ओढत घेऊन आला. “पाह्य ताई, आता हे माहं ऐकते.”

पहिला डबा त्यानं आमच्याच विहिरीवर बसवला. पुढच्या डब्यांसाठी प्रोग्राम सुधारणं चालू होतं. कॉपी ठेवायला त्यानं फ्लॉपी मागितली. “उद्या देतो,” मी म्हणालो. तो बाहेरगावी असताना नव्या कोर्ससाठी मला मशीन लागली. डिस्क भरलेली, फायलींची नावं अगम्य. मी ती फॉरमॅट केली.

परत आल्यावर त्याला सांगितलं, “लाइनीचा झटका बसला, डिस्क उडाली.”  चिपमधून प्रोग्राम परत काढता येत नव्हता. कुणी चोरू नये म्हणून त्यानंच तिला कुलूप घातलं होतं. काही दिवसांनी तो हातानं बनवलेला स्टॅबिलायझर घेऊन आला. “आता तुमची एकबी मशीन उडनार नाही.” त्यानंतर तो मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागला. विलासनं सोडून दिलं, असं लोक माझ्यादेखत म्हणत. मी गप्प बसे.

परवा हे सगळं बायकोला सांगितलं. ती उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “वावरात चला.”

विहिरीवरच्या डब्याचा पत्रा गंजलाय, मोटार जोडणारे रिले बदललेत, चिप तीच आहे. आम्ही लाइनीची वाट पाहत बसलो. ती आली तसा लाल दिवा तीनदा लुकलुकला आणि मोटार सुरू झाली. बायको पाटात पाणी येईपर्यंत थांबली. मग म्हणाली, “हे त पुरं केलं होतं ना त्यानं…”