नांदगावच्या किनाऱ्याला लागलेली होडी

जूचंद्र सोडल्यावर गाडीच्या खिडकीतून मिठागरं दिसू लागली, वसई जवळ आली. घरून निघताना आईने एवढंच सांगितलं होतं, "वाईट असलं तरी खरं तेच सांग."

मी तिसरीत असताना, ऐन पावसाळ्यात, मुरूडजवळच्या आमच्या नांदगावच्या किनाऱ्याला एक रिकामी होडी लागली. अरुंद, दोन्ही टोकांना निमुळती, एका माणसाने वल्हवावी एवढीच. आतल्या फळीखाली लहान मुलीची चप्पल अडकली होती. बाबांनी आसपासच्या बंदरांत चौकशी केली, कोणी आलं नाही. पुढे होडी आमचीच झाली. बाबा गेल्यावर मात्र आईला चैन पडेना. त्या मुलीचं काय झालं, हे ती रोज विचारू लागली. रेवदंड्याच्या एका सुताराने फोटो पाहून सांगितलं, "होडीचं असं नाक वसईकडे काढतात." नाकाच्या आतल्या बाजूला कोरलेला छोटा क्रूसही तेच सांगत होता.

वसई स्टेशनवर रिक्षावाल्याला पाचूबंदर कोळीवाडा म्हटलं, तरी त्याने मला किल्ल्याच्या दारात आणून सोडलं. पाहुणे इथेच उतरतात, म्हणाला. उरलेली वाट मी चालत गेलो. दोन्ही बाजूंना वलांडीवर (बांबूच्या मांडवावर) बोंबील वाळत होते. जरा थांबून वास घ्यावा, फोटो काढावेत, असं एरवी वाटलं असतं. त्या दिवशी पाय थांबत नव्हते आणि पोचूही नये असं वाटत होतं.

किनाऱ्यावर बहुतेक बोटी आता फायबरच्या. लाकडी बोटी बांधणारं कोण राहिलंय, असं विचारत मी इनासमामा नावाच्या जुन्या कारागिराच्या ओट्यावर पोचलो. मी होडीचा फोटो दाखवला, त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ धरला.

"हे आमचं काम नाय. आमी दर्याच्या मोठ्या बोटी बांधायचो. ही खाडीतली होडी."

आतून त्यांची बायको सुकेळी (वाळवलेली केळी) घेऊन आली. तिने फोटो पाहिला, ताटली खाली ठेवली आणि कपाळाला, छातीला हात लावून क्रूसाची खूण केली.

"ही पावलूची. पानजूला राहायचा तो, खाडीतल्या बेटावर. ह्याच होडीतून त्याची पोर गेली."

आईला हे कसं सांगायचं? पुढे विचारायचा धीर होईना. शेवटी कसंबसं म्हणालो, "गेली म्हणजे?"

"वाहून गेली ना. बांधलेल्या होडीत खेळत बसलेली, पुराचं पानी आलं. मग मिठाच्या बोटवाल्यांनी उचलली तिला. होडी नाय गावली. रोझी नाव तिचं. विरारला मास्तरीण होती. पावलूपन तिच्याकडंच असतो, मनवेलपाड्याला."

मी सुकेळं तोंडात टाकलं आणि त्यांच्याकडून रोझीताईंचा नंबर मागून घेतला.

फोनवर रोझीताईंचा आवाज सावध होता. "या तुम्ही. पण आधी मला भेटा, पप्पांना डायरेक्ट काही दाखवू नका." संध्याकाळी बिल्डिंगच्या गेटपाशीच त्यांनी मला थांबवलं. होडी वाहून गेली त्या दिवसानंतर पप्पांनी रंधा हातात धरला नव्हता, असं त्या सांगू लागल्या. होडीला दोर बांधायची कडी आपणच नीट बसवली नाही, ती उपटली आणि मुलगी वाहून गेली, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

"मी जिवंत समोर उभी असते, तरी ते तेच बोलतात," त्या म्हणाल्या. "प्रेशरचा त्रास आहे त्यांना. दाखवावं की नाही, मला खरंच कळत नाही."

मी नाकाचा फोटो मोठा करून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी फोटोतल्या कडीवर बोट ठेवलं, मग म्हणाल्या, "चला वर."

पावलूकाका खिडकीपाशी खुर्चीत होते. रोझीताईंनी त्यांना चष्मा दिला. त्यांनी फोटो पाहिला आणि त्यांचं बोट होडीच्या नाकापाशी काहीतरी शोधू लागलं.

"कडी हाय?"

"आहे, काका. वडिलांना होडी सापडली तेव्हा तुटका दोर कडीलाच होता. आम्ही आजही तिलाच बांधतो."

"म्हंजे दोर तुटला."

"हो."

ते रोझीताईंकडे वळले. "बाय, दोर तुटला." रोझीताईंनी त्यांचा हात हातात घेतला.

मग ते बोलू लागले. मनोरकडून आणलेला साग, आतल्या वाकांना (वाकड्या फासळ्यांना) बाभूळ, फटींत कापूस आणि राळ. शेवटी क्रूस कोरला आणि फादरनी पाणी शिंपडलं. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "होडी पानी घेते का?"

"थोडं घेते. मागच्या अंगाला."

"घेनारच. तिथं फळी आखूड पडली होती," म्हणाले आणि हसले.

परतीच्या गाडीत डोळा लागला नाही. उत्तर वाईट असेल या भीतीने बाबा असेपर्यंत आम्ही घरात तो विषय टाळला होता. तिकडे एक माणूस ती सगळी वर्षं स्वतःला दोष देत बसला होता. मध्ये अंतर फार नव्हतं, एका दिवसात जाऊन येण्याएवढंच.

आईने पडल्या पडल्या सगळं डोळे मिटून ऐकलं. मग विचारलं, "रोझीला मुलं किती?"

ते विचारायचं मला सुचलंच नव्हतं. आई उठून बसली आणि म्हणाली, "फोन लाव."