परतीच्या खेपेची वाट

तंजावूरपासून समुद्र चांगला दीड-दोन तासांच्या अंतरावर आहे. पण माझ्या थोरल्या चुलतसासऱ्यांइतका समुद्रात बुडालेला माणूस मी अख्ख्या किनाऱ्यावर पाहिलेला नाही. बायको त्यांना तमिळ पद्धतीनं पेरियप्पा म्हणते, म्हणून मीही म्हणतो आणि गल्लीतला भाजीवालाही म्हणतो. जन्म राजवाड्यामागच्या गल्लीतला आणि नोकरी पाटबंधारे खात्यात, कालव्यांची दारं उघडण्या-मिटण्याची. आयुष्यात ते होडीत बसले असतील तर फक्त बोलण्यात. ओरत्तनाडूच्या बसमध्ये त्यांना मळमळतं, म्हणून खिशात कायम लिंबू असतं. त्यांच्या लग्नात नवरा-नवरीला झोपाळ्यावर बसवलं, तेव्हा तिसऱ्या झोक्याला नवरदेव तोंडावर उपरणं धरून उतरले आणि बायकांनी उरलेली गाणी एकट्या नवरीला म्हणून दाखवली, असं त्यांची बायको, म्हणजे आमच्या पेरियम्मा, आजही सांगतात. ही गोष्ट निघाली की पेरियप्पा आपल्या जुन्या तंजावुरी मराठीत शांतपणे म्हणतात, "जुन्या खलाशांना जमिनीवर असेंच होतें."

कारण पेरियप्पांचे कुणीएक पूर्वज गलबतावर होते. शिडाच्या, लाकडी, कोकणातून निघून कन्याकुमारीला वळसा घालून इकडे येणाऱ्या गलबतावर. ते नागपट्टणमला उतरले, तंजावूरला आले आणि इथलेच झाले, एवढंच घरात सगळ्यांना माहीत होतं. एवढ्याशा माहितीवर पेरियप्पांनी सगळा संसार बेतला. मोपेड काढण्याआधी ते करंगळी ओली करून वारा कुठून आहे ते बघतात आणि मगच दूध आणायला निघतात. दुधाचं दुकान तीन घरं सोडून आहे. फेंगडे चालतात, ते का, तर डेकवर तसंच चालावं लागतं. "गुडघे गेले ह्यांचे," पेरियम्मा म्हणतात. आणि गाठी. घरातली एकही पिशवी, एकही पडदा, एकही लोणच्याची बरणी अशी नाही जिला त्यांनी खलाशी गाठ मारलेली नाही. फाटकाला कडी असूनही ते दोरीच वापरायचे आणि ती गाठ त्यांच्याशिवाय कुणालाही सुटायची नाही. एकदा दुपारी ते फाटक बांधून औषध आणायला गेले, तेव्हा आत त्यांच्या मुलीला बघायला आलेले कुंभकोणमचे पाहुणे होते. पाऊण तासानं हे परतले. सोयरीक मात्र जमली, कारण तेवढ्या वेळात मुलीनं मुलाला आपणहून विचारायचं ते सगळं विचारून घेतलं.

मी मूळचा लातूरचा. म्हणजे पाणी टँकरनं येताना पाहिलेला. तरीही लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत त्यांनी मला ओट्यावर बसवून, कापीचा, म्हणजे कॉफीचा, पेला हातात देऊन विचारलं, "माप्ळे, तुमच्या घरांत कोण गलबतावर होते काय?" माप्ळे म्हणजे जावई. मी नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा उतरला की मलाच आपल्या घराण्याची लाज वाटली. राजवाडा बघायला महाराष्ट्रातून आलेल्या प्रत्येक कुटुंबाला ते हाच प्रश्न विचारत. नागपूरच्या एका शिक्षिकाबाईंना त्यांनी उन्हात अर्धा तास धरलं आणि निघताना त्यांच्या पाण्याच्या बाटलीला एक गाठ मारून दिली. मला देवनागरी वाचता येते म्हटल्यावर तर माझी नेमणूकच झाली. नाळ, डोलकाठी, सुकाणू, नांगर, तांडेल असे शब्द मी पुस्तकांतून शोधून द्यायचे आणि त्यांनी ते वहीत तमिळ अक्षरांत उतरून घ्यायचे.

हे सगळं मी हसण्यावारी नेत होतो, ते एका आडी अमावास्येपर्यंत. आषाढातल्या त्या दिवशी इकडे सारा गाव कावेरीवर लोटतो आणि गेलेल्यांच्या नावानं पाणी सोडतो. पेरियप्पांनी वडील, आजोबा, पणजोबा असं तिघांना पाणी दिलं आणि ओंजळ भरून तसेच उभे राहिले. भटजी थांबले. शेवटी पेरियप्पांनी ते पाणी नुसतंच नदीत सोडून दिलं. परत येताना मोपेडवर मागे बसलेल्या मला म्हणाले, "नांव नसतां पाणी कोणाच्या हातांत देणें? आम्हां सर्वांस इकडे आणणारा तो, आणि तोच तहानेला. मी ऐंशीला आलों. मुलगी कोइमतूरला, तिला ह्यांतलें कांहीं नको. माझ्यामागें त्यास कोण विचारणार?" त्या दिवसापासून त्यांच्या गाठींना मी हसलो नाही. निदान त्यांच्यासमोर नाही.

नाव मिळण्याची एकच जागा होती. देवघरात पितळेच्या डब्यात एक जुना कागद होता, मोडी लिपीतला. घरात मोडी कुणालाच येत नव्हती; पण राजानं आपल्या पूर्वजाला आरमाराचा प्रमुख केल्याचं ते पत्र आहे, याबद्दल पाच पिढ्यांत कुणाला शंका नव्हती. दरवर्षी सरस्वतीपूजेला तो कागद पुस्तकांवर मांडायचा, माथ्यावर ओलं चंदन आणि कुंकू लावायचं, नमस्कार करायचा आणि पुन्हा डब्यात ठेवायचा. वाचून घ्यायला बाहेर काढला तर लक्ष्मी जाते, असं त्यांच्या आईनं सांगून ठेवलं होतं. "लक्ष्मी होती कोठें जाण्यास?" असं पेरियम्मांनी विचारल्यावर मात्र पेरियप्पांचं धैर्य झालं आणि आम्ही दोघं शेजारच्या गल्लीत, मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त बाईंकडे गेलो. पेरियप्पांनी कडक इस्त्रीची वेष्टी नेसली होती. आरमारप्रमुखाच्या घरचे म्हणून जायचं होतं.

बाईंनी भिंग लावून कागद दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "राजाचें नव्हे हें. गलबतावरच्या कारकुनाचें आहे. ह्या खलाशाचा पाय मोडला, सबब नागपट्टणास उतरविला. औषधपाणी करणें. परतीच्या खेपेस घेऊन जाऊं."

"खलाशी?" पेरियप्पा म्हणाले.

"खलाशी."

आरमार गेलं ते त्यांनी एका घोटात पचवलं. उलट स्वतःच्या फेंगड्या पायांकडे बघून त्यांची मुद्रा थोडी उजळली. "नांव सांगा," ते म्हणाले.

बाईंनी कागद आमच्याकडे वळवला. माथ्याशी, पहिल्याच ओळीत, चंदन-कुंकवाचा तळहाताएवढा तपकिरी थर होता. कागद तिथं कुजून भोक पडलं होतं. "नांव येथेंच होतें. शेवटचें 'जी' तेवढें उरलें आहे."

पेरियप्पांनी उजव्या हाताची अनामिका वर करून बघितली. पन्नास वर्षं त्याच बोटानं ते चंदन लावत आले होते. "मीच पुसलें," ते हळूच म्हणाले, "नमस्कार करून करून पुसलें." मी चष्मा पुसत बसलो.

त्यानंतर दहाएक दिवस गल्लीत शांतता होती. मोपेड वारा न बघता निघायची. पेरियम्मांना लोणच्याची बरणी पहिल्या झटक्यात उघडता आली आणि त्या माझ्या बायकोजवळ रडल्या. अकराव्या दिवशी सकाळी त्याच गल्लीतल्या आमच्या घराचं दार वाजलं. पेरियप्पा शाळकरी वही घेऊन उभे. "माप्ळे, 'जी'वर संपणारीं नांवें सांगा. जितकीं ठाऊक असतील तितकीं. त्यांत एक तो असेलच ना?"

मी रामजी, धर्माजी, राणोजी सांगितली. लातूरला वडिलांना फोन लावला. त्यांनी बसल्या बैठकीला अकरा दिली आणि संध्याकाळी फोन करून बारावं दिलं, सुभानजी. राजवाडा बघायला आलेल्या पाहुण्यांना आता गलबताचं विचारणं बंद झालं, नावं विचारणं सुरू झालं. माणसं आपले खापरपणजे आठवून द्यायची. वही भरत आली. मी एकदा म्हटलं, "पेरियप्पा, यातला एक तुमचा. बाकीचे सगळे परके." ते म्हणाले, "असूं द्या की. त्यांसहि विचारणारें कोण उरलें आहे? पाणी नदीचें आहे, माझ्या घरचें नव्हे."

या वर्षीच्या आडी अमावास्येला कावेरीवरच्या तिरुवैयारूच्या घाटाच्या पायऱ्या उतरणं त्यांच्या गुडघ्यांना जमेना. कोइमतूरहून मुलगी आली होती, म्हणे सुट्टीच होती. तिला मराठी समजतं सगळं, बोलते मात्र तमिळच. तिनं वडिलांना तिसऱ्या पायरीवर बसवलं, त्यांच्या हातातली वही घेतली, साडी खोचली आणि पाण्यात उतरली. भटजींनी तिच्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, मागच्या रांगेकडे पाहिलं. "एवढीं सगळीं?"

"सगळीं," पेरियप्पा पायरीवरून म्हणाले.

"सरी, होऊं दे," भटजी म्हणाले आणि त्यांनी तिच्या तळहातावर तीळ ठेवले.

शेवटच्या पायरीवरून मी वही तिच्यासमोर धरली आणि ती वाचू लागली. गोंदजी. लखमाजी. हिरोजी. मानाजी. तमिळ अक्षरांतून, तमिळ हेल काढून, कुणाकुणाची विसरलेली माणसं ती एकेका ओंजळीनिशी कावेरीत सोडत होती. प्रत्येक नावाला पेरियप्पा मान वर करून पाण्याकडे बघत, हा असेल काय, हा असेल काय, असं. मागची रांग पहिल्यांदा कुरकुरली, मग गप्प झाली. एक म्हातारी तर पुढं येऊन आपल्या आजोबांचं नाव सांगून गेली. ते 'जी'वर संपत नव्हतं, तरी मुलीनं घेतलं.

वही संपली. मुलगी वर येऊ लागली तसे पेरियप्पा म्हणाले, "अजून एक. गलबतावरच्यांस."

"त्यांना कशाला, अप्पा?" ती मराठीत म्हणाली. मी तिचं मराठी पहिल्यांदाच ऐकलं.

"घेऊन जाऊं म्हणाले होते ना. ते परत आलेहि असतील. आमचाच माणूस लग्न करून इकडे राहिला, तो बंदरावर सांपडला नसेल. फुकटची खेप झाली बिचाऱ्यांची."

तिनं शेवटची ओंजळ सोडली. मी तिला हात देऊन वर घेतलं.

आता पुन्हा करंगळी ओली होते, पडद्यांना आणि बरण्यांना गाठी बसतात, पेरियम्मा पुन्हा कात्री शोधत फिरतात. वहीत मुलगी कोइमतूरहून फोन करून अधूनमधून एखादं नाव घालते. फक्त फाटकाची दोरी त्यांनी सोडून टाकली आहे. परवा संध्याकाळी मी गेलो तर फाटक सताड उघडं आणि पेरियप्पा आत ओट्यावर बसलेले. गाय शिरेल ना, मी म्हटलं.

"शिरूं दे," ते म्हणाले. "कोणी न्यायला आलें, तर त्यास गाठ सुटणार नाहीं."

मी फाटक तसंच राहू दिलं आणि त्यांच्याशेजारी बसून कापी प्यायलो.