बेटांचा खटला आणि आमची नाली

समुद्रात बुडत चाललेल्या छोट्या बेटांनी मोठ्या देशांच्या धुराचा प्रश्न जगाच्या कोर्टात नेला, ही बातमी मी कापून वहीत चिकटवली. धूर एकाचा, पाणी दुसऱ्याच्या दारात. माझ्या हळदीचं तेच झालं होतं. आमचं वावर उताराच्या अगदी शेवटी. वरच्या सहा जणांनी धुऱ्याच्या बांधाकडेची जुनी नाली नांगरून रानात घेतली, आणि पावसाचं पाणी माझ्या हळदीत मुक्कामाला आलं. आणखी चार दिवस राहिलं असतं तर कंद सडला असता.

मी यादी केली: कोणी, कधी, किती फूट. पहिलं नाव धाकट्या दिरांचं. यादी घेऊन तांड्याचे तंटे मिटवणाऱ्या नाईकांकडे गेले, तर दीर तिथंच चहा पीत बसलेले.

"काय वहिनी, आमाला कोर्टात नेता?"

"बेटांनी नेलं. मी काहून नेऊ नये?"

"मग काय भेटलं बेटांना?"

"कोर्टानं मत दिलं. नुकसान करणाऱ्यावर जबाबदारी येते म्हणून. पण ते बंधनकारक न्हाई."

"मत तर आमची म्हैसबी देती," दीर बशी फुंकत म्हणाले.

"मीबी मतच देऊन राहिलो इतकी वर्षं," नाईक म्हणाले. "ज्यानं ऐकलं न्हाई, त्याच्या मांडवात कोण गेलं सांग बरं."

दिरांनी बशी खाली ठेवली. त्यांच्या पोरीचं लग्न जमत आलं होतं.

नाईकांनी यादी दोनदा वाचली. "सहाच? तुमच्या वावरातली नाली कुठंय, सूनबाई?"

ती बुजवून तिच्यावर मी तीन वर्षांपासून हळदीच्या दोन सऱ्या लावत होते. "ती कोरडीच राहायची," मी म्हणाले.

"वरचे सहाबी हेच म्हनतेत. नाली खालून वर उकरत जायची असती. पहिलं फावडं तुमचं."

दुसऱ्या दिवशी हिरव्यागार दोन सऱ्या मी स्वतः उपटल्या आणि खालची नाली उकरली. दीर धुऱ्यावर उभे. "बुडालं का बेट, वहिनी?"

"दोन सऱ्या बुडाल्या, भाऊजी. बाकीचं तुमच्या फावड्यावर."

दुपारी ते फावडं घेऊन आले. "पोरीच्या लग्नासाठी आलो. मत पटलं म्हणून न्हाई," एवढं बजावून खाली वाकले.

संध्याकाळी यादीत सातवं नाव माझंच लिहून त्याच्यापुढे खूण केली, मग दिरांच्या नावापुढे. पाच जण अजून बाकी आहेत. निम्मं पाणी मात्र दीर यायच्या आधीच, माझ्याच नालीतून निघून गेलं होतं. ते काही मी वहीत लिहिलं नाही.