मोठ्या पाण्याची ओटी

मी कॉलेजात होते तेव्हा आईत आणि माझ्यात चपलांचा एकच जोड होता. कॉलेज असलं की तो मी घालायची आणि आई अनवाणी दुसऱ्यांच्या उसात भांगलायला जायची. वडील गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घालायचे. पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद, की त्यांचं कामही बंद. गडमुडशिंगीत आमच्या घरातलं कुणी बारावीच्या पुढं गेलेलं नव्हतं. मी बी.एस्सी. झाले. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

पण नंतर तीन वर्षं नोकरी लागेना. तेव्हा आईनं पंचगंगेच्या घाटावर नवस बोलला: पोरीला सरकारी नोकरी लागू दे, मोठ्या पाण्याची ओटी भरीन. मोठं पाणी म्हणजे तिच्या मनात राधानगरीचं धरण होतं. नेमणुकीचं पत्र आलं ते रत्नागिरीचं, आणि आईनं धरण रद्दच करून टाकलं.

हजर व्हायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी तिथं उतरलो. आई दुपारच्या गाडीनं परत जाणार होती. नवस फिटल्याशिवाय कचेरीची पायरी चढायची नाही, असं तिनं मला बजावलं होतं. रिक्षावाल्यानं आम्हाला किल्ल्याच्या टोकावर, दीपगृहापाशी नेऊन सोडलं. डोंगर सरळ पाण्यात घुसलेला, एका अंगाला बंदर आणि तिन्ही बाजूंना पाणीच पाणी. आई खण-नारळाची पिशवी छातीशी धरून गोल फिरली.

"ह्यातलं मोठं पाणी कंचं?"

"सगळं एकच हाय गं."

"एकच कसं? हिकडं काळं दिसतंय, तिकडं निळं. आणि वाहतंय कुणीकडं?"

विज्ञानाची पदवी घेऊन मी उभी, आणि समुद्र कुणीकडं वाहतो हे मला सांगता येईना.

टोकावरून खाली सरळ कडा, म्हणून आम्ही रस्त्यानं उतरून बंदराजवळच्या वाळूवर गेलो. आईनं हळदकुंकू वाहिलं आणि नदीत सोडतात तसा तांदळासकट खण-नारळ पाण्यात सोडला. लाटेनं तो नेला आणि तिच्याच पायाशी आणून टाकला. परत सोडला, परत आला. तिसऱ्यांदा ओला खण तिच्या घोट्याला गुंडाळला गेला.

"घेत न्हाय गं ती. माझं काय चुकलं?"

मी लाटांचं समजावून सांगायला लागले आणि मध्येच थांबले. उद्या हजर व्हावं की न व्हावं, असं मला खरंच वाटून गेलं.

शेजारी एक म्हातारा मच्छीमार जाळं गोळा करत होता. तो म्हणाला, "मावशी, नदी समजलात काय? हा बाप्या आहे. बाप्याला खण देताय? नारळ द्या इकडे. आता ही माझी बोट निघेल, आत गेल्यावर सोडतो."

"पोरीच्या नोकरीचा नवस हाय, पावणं. मधीच फोडून खाशीला."

"खाल्ला तर तुमच्या मुलीची नोकरी मला लागेल. जा, वरून टोकावरून बघा."

आईनं नारळ दिला. आम्ही धापा टाकत पुन्हा वर गेलो. बघतो तर पंधरा-वीस बोटी निघालेल्या, लांबून सगळ्या सारख्याच.

"आपली निळी हुती नव्हं?"

"हिरवी होती."

"निळीच की."

मला खात्री नव्हती. लांब एका बोटीजवळ पाण्यात काहीतरी पडल्यासारखं झालं, की पक्षी उतरला, कळलं नाही. आईला तेवढ्या लांबचं दिसत नाही. गाडीची वेळ होत आली होती.

"टाकला का?"

"टाकला की. मी बघितलं."

तिनं हात जोडले. मी काहीच बघितलं नव्हतं. असा नवस फिटतो का, हे मला आजही कळलेलं नाही, आणि विचारायचं कुणाला तेही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी कचेरीत हजर झाले. आता मी तिथं कायम आहे. आमच्या घरात सरकारी नोकरी मिळवलेली मी पहिली.