लाल रंगातला पत्ता

परभणीहून निघालेली ट्रॅव्हल्स सकाळी घोडबंदर रोडला लागली, तेव्हा मी पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरून बसले होते. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी आणि आमच्या बसला घासून जाणारे कंटेनर. ड्रायव्हर मात्र निवांत तंबाखू मळत होता. मेल्या, निदान दोन्ही हात तरी लाव, असं अगदी ओठावर आलं होतं. मी मुळातच भित्री. जिंतूरजवळच्या आमच्या गावात मी भूगोल शिकवते. लोकसंख्येची घनता, स्थलांतर, शहरांची वाढ हे फळ्यावर लिहून लिहून हात दुखले, पण खरोखरची एवढी माणसं एका जागी दिसली की मी पिशवी छातीशी धरते.

काशीमिऱ्याला उतरून रिक्षा केली. माझी मोठी बहीण, आक्का, लग्न होऊन मुंबईला आली त्याला जमाना झाला. आधी चाळीत भाड्याची खोली, मग भाईंदर पूर्वेला स्वतःचा फ्लॅट. मेहुणे गेल्यापासून तिथं एकटीच राहते. फोनवर नेहमी म्हणायची, "सगळं मस्त आहे गं, तू फक्त ये."

केबिन रोडच्या गर्दीतून रिक्षा आत वळली आणि माझी दिशाच हरवली. सगळ्या बिल्डिंगा सारख्या, सगळ्यांच्या गॅलऱ्यांत तीच वाळत घातलेली धुणी. रिक्षावाला वैतागला होता. इतक्यात एका फाटकाच्या खांबावर लाल रंगात हातभर अक्षरं दिसली, 'सी-१'. "भैया, बस बस! यही है!" मी ओरडलेच.

आक्कानं दारातच मिठी मारली. "जयभीम गं माझी बाई! पत्ता सापडला ना नीट?"

"न सापडायला काय झालं? सी विंग, पहिला मजला. फाटकावर केवढ्या लाल अक्षरात लिहिलंय!"

आक्का माझ्याकडं बघतच राहिली. मग "पाणी आणते" म्हणत आत गेली.

जेवायला तिनं मी नेलेल्या येसराची (भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ) आमटी केली, ज्वारीची भाकरी आणि भाजलेले बोंबील. पहिला घास घेतला आणि वरून पोपडा सुटून माझ्या ताटात पडला. भातातला खडा काढावा तसा आक्कानं तो बोटानं उचलून बाजूला टाकला आणि बोलत राहिली. वर पाहिलं तर छताच्या गंजलेल्या सळ्या दिसत होत्या. बाथरूमला दाराऐवजी पडदा होता. "दार फुगलंय, लागत नाही," ती म्हणाली.

दुपारी कोथिंबीर आणायला खाली उतरले. तळमजल्यावरच्या जयाबेन उंबऱ्यात मेथी निवडत होत्या. ओळख झाली, तसे मी त्यांच्यापुढंही अकलेचे तारे तोडले, की फाटकावर विंगचा नंबर लिहिलाय ते फार बरं केलंय. त्यांनी मेथी खाली ठेवली.

"अरे बेन, वो विंग का नंबर नहीं है. म्युनिसिपालटीवालों ने लिखा है, सी-वन मतलब सबसे खतरनाक. खाली करके तोड़ने का."

मी उंबऱ्यापासून दोन पावलं मागं सरले. "मग तुम्ही कशा राहता इथं?"

"जाएँगे किधर? पीछेवाली तोड़ी, वो लोग कोई नायगाव, कोई विरार. प्लॉट अभी तक ऐसा ही पड़ा है."

फाटकाशी भाजी विकणारी म्हातारी ऐकत होती. इथल्याच जुन्या गावातली. ती म्हणाली, "हितं मिठागरा व्हती बाय. माजा बापूस मीठ काढाचा. खाजन (भरतीचं खारं पाणी शिरणारी जमीन) हाय ही. लोखंडाला मीठ सोरत न्हाय." कोथिंबीर घेतली, पण सुटे पैसे घ्यायचंही भान राहिलं नाही.

जिना चढताना मी भिंतीला हात लावला नाही. घरात शिरताच आक्कावर ओरडले, "जीव वर आलाय का तुझा? आजच्या आज पिशवी भर!"

ती शांतपणे कोथिंबीर निवडायला बसली. "एकदा निघालं की परत येता येत नाही, बघितलंय मी. एकदा गाव सोडलं. तिथं आता माझं काय आहे? इथं दारावर माझं नाव आहे. दोनदा गाव सोडू का मी?"

भूगोलाच्या पुस्तकात स्थलांतराची कारणं असतात, हे नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला आक्का निघाली आणि दार उघडेना. ती म्हणाली, कडी अडकली असेल. कडी तर केव्हाच काढलेली होती. चौकट एका बाजूनं खचून दारावर बसली होती. दोघींनी ओढलं, पाय लावून ओढलं. डोक्यावर कुठंतरी कर्रकन आवाज झाला. "जयाबेन! जयाबेन!" मी गॅलरीतून किंचाळत सुटले. खालची माणसं धावत आली, बाहेरून खांदे लावले, तेव्हा दार निम्मं उघडलं. त्या फटीतून मी आधी आक्काला बाहेर ढकललं. ती जिन्यात थांबून दाराकडं बघत होती. मग हळूच म्हणाली, "चल."

कागदपत्रं, चार साड्या आणि मेहुण्यांचा फोटो, एवढंच घेऊन त्याच दिवशी आम्ही परतीच्या ट्रॅव्हल्समध्ये बसलो. जयाबेन फाटकापर्यंत आल्या. "तुम्हीपण निघा," मी हात जोडून म्हणाले. "देखते हैं," एवढंच त्या म्हणाल्या. परतताना घोडबंदर रोडवर कंटेनर किती जवळून गेले, मला कळलंही नाही.

आमचं गाव आता निम्मं कुलपातच आहे. वर्गातले बाकही रिकामे पडत चाललेत. मला वाटलं, आक्का आल्याचा सगळ्यांना आनंद होईल. झालाही. पण जो भेटेल तो पाहुण्याला विचारतात तेच तिला विचारतो, "कव्हा आलीस? किती दिस हायेस?"

आक्का उत्तर देते, "बिल्डिंग उभी आहे तोवर पाहुणी. पडली की इथलीच."

रोज सकाळी ती जयाबेनना फोन लावते आणि एकच विचारते, "उभी है ना?" उत्तर येईपर्यंत मी चहाचा कप धरून तिच्या तोंडाकडं बघत असते. कधी कधी मनात येतं, पडू दे एकदाची, म्हणजे आक्का इथं रुळेल. आणि लगेच अंगावर काटा येतो, कारण पलीकडून फोन उचलणारं माणूस अजून तिथंच, तळमजल्यावर राहतं.