बाहेरून न दिसणारा कॅमेरा

बाबांचा विसराळूपणा वाढला तेव्हा मी रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क होते. घरात आम्ही दोघंच. दिवसभर शेजारच्या काकू मधूनमधून डोकावत, पण माझं निम्मं लक्ष घरीच असे. मुंबईच्या बहिणीने तिचा जुना कॅमेरा पाठवला. "ऑफिसातून मोबाइलवर बघत जा," ती म्हणाली.

इंटरनेटची वायर थेट कॉम्प्युटरला येत होती. कॉम्प्युटरचा हॉटस्पॉट चालू करून मी त्यावर कॅमेरा जोडला. घरात चित्र छान दिसे. ऑफिसात गेलं की 'जोडणी झाली नाही'. पोर्ट फॉरवर्डिंग करावं लागतं, असं कळलं: बाहेरून आलेली हाक कॉम्प्युटरने कॅमेऱ्याकडे पोचवायची. व्हिडिओ बघून बघून मी पोर्टचा आकडा भरला. हॉटस्पॉट बंद-चालू झाला की कॅमेऱ्याचा आयपी पत्ता बदलायचा; तोही कायमचा बांधून टाकला. बाहेरचं अडवणाऱ्या फायरवॉलमध्ये परवानगी दिली. काही उपयोग नाही.

त्या रविवारी सकाळपासून मी त्यालाच चिकटले होते. बाबा मागे खुर्चीत बसले होते.

"शाळेची वेळ झाली का गो?" त्यांनी विचारलं. मालगुंडच्या शाळेतून निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं झाली होती.

"बाबा, जरा थांबा ना!" मी मान न वळवताच ओरडले.

शेवटी इंटरनेटवाल्याला फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, "ताई, तुमचं सेटिंग बरोबर असेल. पण बाहेरून दिसणारा पत्ता तुम्हाला एकट्याला नाहीच. बऱ्याच घरांना मिळून एकच आहे. तुम्ही घरात कितीही पोर्ट उघडा, हाक आमच्याकडेच अडते."

"मग स्वतंत्र पत्ता द्या."

"आपल्या भागात ती सोय नाही."

आठ दिवस पाण्यात गेले होते. निदान आहे ते तरी चालतंय का, म्हणून मी कॅमेऱ्याचं चित्र उघडलं. चित्र लगेच आलं. खुर्ची रिकामी होती.

काकूंकडे नव्हते, विहिरीजवळ नव्हते. मी अनवाणीच रस्त्यावर धावले. तासाभराने एका कंडक्टरचा फोन आला. "एक आजोबा मालगुंडच्या गाडीत बसलेत. उतरायला तयार नाहीत. खिशातल्या चिठ्ठीवर हा नंबर आहे."

स्टँडवर पोचले तेव्हा गाडी त्यांच्यासाठी थांबवून ठेवली होती. कंडक्टरने आणि मी मिळून त्यांना कसंबसं उतरवलं. रिक्षात बसल्यावर मला रडू आवरेना. बाबा माझ्याकडे वळले. मग अगदी मायेने म्हणाले, "रडू नका बाई. तुमचं कोण हरवलंय?"

मी ऑफिसात असताना ते निघून जातील याची मला धास्ती होती. ते गेले तेव्हा मी त्यांच्यापासून चार हातांवर होते, पाठ करून.

पुढच्या महिन्यात मी नोकरी सोडली. आता दिवसभर त्यांच्यासमोर बसते. ते मला बाई म्हणतात, आणि माझ्या घरचे कसे आहेत ते रोज विचारतात.